घनता आणि दाब : एका राहून गेलेल्या उत्तराविषयी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा आम्ही इतिहासातील एखादा विषय निवडू अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचा विषय इतिहास, आमची पदवी इतिहासाची आणि सेवेची बहुतेक वर्षेही सनावळ्या व नकाशे यांच्या संगतीत गेली. असे असूनही आम्ही येथे भौतिकशास्त्रातील दोन साध्या संकल्पनांविषयी लिहीत आहोत. त्यामागे एक जुने देणे आहे. ते आधी सांगितले पाहिजे.

सुमारे चोवीस वर्षांपूर्वी एका वर्षी शाळेत विज्ञान शिक्षकांची जागा रिकामी होती. नवीन नेमणूक होईपर्यंत आठवी व नववीचे विज्ञान आमच्याकडे सोपविण्यात आले. आम्ही ते इमानाने शिकविले, म्हणजे पुस्तकातील व्याख्या फळ्यावर लिहिल्या, मुलांकडून त्या पाठ करून घेतल्या आणि सूत्रांत आकडे घालून उदाहरणे सोडवून घेतली. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. चाचणीत मुलांना गुण बरे पडले आणि आम्ही समाधानी झालो.

एप्रिल उजाडला आणि वसतिगृहाच्या विहिरीचे पाणी झपाट्याने खाली गेले. विहिरीच्या काठावर बसविलेली मोटार नुसती घरघर करू लागली. पाईपमधून पाणी येईना. शेजारच्या गावातील मिस्त्री आले. त्यांनी मोटार उघडून पाहिली, पुन्हा जोडली आणि म्हणाले, "गुरुजी, मोटारीत काही दोष नाही. पाणी लांब गेलंय. मोटार खाली उतरवा." चार माणसांनी दोर लावून मोटार विहिरीतल्या खालच्या कट्ट्यावर, दोन पुरुष खोल उतरविली. तीच मोटार, तोच पाईप. पण आता पाणी भरधार येऊ लागले.

काठावर जमलेल्या मुलांत आठवीतला एक विद्यार्थी होता. त्याने विचारले, "सर, मोटार तीच, वीज तीच, पाणीही तेच. मग वरून का ओढत नव्हती?" आम्ही म्हणालो, "हवेच्या दाबामुळे." त्याचे समाधान झाले नाही. "हवेला कुठं वजन असतं? आणि असलं तर ती आपल्याला का दाबत नाही?" आम्हांस उत्तर येत नव्हते. येत नाही असे सांगण्याचे धैर्यही त्या क्षणी झाले नाही. "परीक्षेला एवढे येत नाही," असे सांगून आम्ही मुलांना वर्गात पाठविले. तो मुलगा पुन्हा काही बोलला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो परतला नाही. आईवडिलांच्या टोळीबरोबर कामावर गेला असे कळले.

त्याचा प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला. पुढे आम्ही पुस्तके चाळली, सहकाऱ्यांना विचारले, विहिरीत दोर सोडून मोजमापे घेतली. जे समजले ते आज क्रमाने मांडतो.

'जड' आणि 'दाट' या शब्दांची गफलत

घनता समजण्यात पहिली अडचण आपल्या बोलण्यातच आहे. आपण 'जड' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. पाण्याने भरलेला हंडा जड आहे असे म्हणतो तेव्हा आपण त्या एका हंड्याच्या ओझ्याविषयी बोलत असतो. लोखंड लाकडापेक्षा जड आहे असे म्हणतो तेव्हा कोणत्याही एका तुकड्याविषयी बोलत नसतो. लाकडाचा ओंडका लोखंडी खिळ्याहून कितीतरी भारी असतो, हे कोणीही जाणतो. दुसऱ्या वाक्यातील 'जड' म्हणजे घनता होय.

सारख्याच आकाराचे तुकडे घेतले की ही गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक बाजू १ सेंटीमीटर असलेला एक छोटासा ठोकळा मनाशी धरा. तेवढ्या जागेत पाणी भरले तर ते १ ग्रॅम भरते. शेंगदाण्याचे तेल सुमारे ०.९१ ग्रॅम, लोखंड सुमारे ७.९ ग्रॅम, चांदी १०.५ ग्रॅम, पारा १३.६ ग्रॅम आणि सोने १९.३ ग्रॅम भरते. जागा तेवढीच, पण तिच्यात मावलेले द्रव्य निरनिराळे. तेवढ्याच जागेत किती वस्तुमान सामावले आहे, याचे माप म्हणजे घनता. लोखंडाची कांब मधोमध कापली तर प्रत्येक तुकड्याचे वजन निम्मे होते, घनता मात्र तसूभरही बदलत नाही. वजन तुकड्याचे असते. घनता पदार्थाची असते.

दुसरी गफलत 'दाट' या शब्दाची. तेल पाण्याहून दाट दिसते, संथपणे ओघळते, म्हणून त्याची घनता अधिक असेल असे मुलांना वाटते. पण फोडणीतले तेल आमटीवर तरंगतेच. ओघळण्याचा संथपणा हा निराळा गुण आहे. त्यास श्यानता म्हणतात आणि त्याचा घनतेशी संबंध असेलच असे नाही. मध संथही आहे आणि पाण्याहून घनही. तेल संथ आहे, पण पाण्याहून विरळ.

घनतेचे हे ज्ञान पुस्तकाबाहेर रोज वापरले जाते. भाताची पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला बियाणे ३ टक्के मिठाच्या पाण्यात टाकण्यास सांगितले जाते, म्हणजे १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. मिठामुळे पाण्याची घनता थोडी वाढते. त्यामुळे साध्या पाण्यात बुडाले असते असे काही अर्धवट भरलेले दाणेही वर येतात. ते काढून टाकायचे, तळाशी बसलेले टपोरे दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन पेरायचे. एकेक दाणा तराजूत घालून निवडणे कोणास शक्य नाही. मिठाचे पाणी ते काम क्षणात करते.

दूध संकलन केंद्रावरील दुग्धमापीही घनताच मोजते. दुधाची घनता पाण्याहून किंचित अधिक, सुमारे १.०३ असते. पाणी मिसळले की ती घटते आणि नळी दुधात अधिक खोल जाते. पण साय ही दुधाहून विरळ असते. ती काढून घेतली की उरलेल्या दुधाची घनता वाढते आणि मग त्यात बेताने पाणी मिसळले तर दुग्धमापी फसू शकते. म्हणून केवळ या नळीवर विसंबून न राहता स्निग्धांशही तपासतात. एकच संख्या सगळे सत्य सांगत नाही, हेही घनतेच्या धड्यातून शिकण्यासारखे आहे.

येथे आर्किमिडीजची मुकुटाची गोष्ट सांगण्याची प्रथा आहे. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही ती जपून सांगतो. सिराक्यूज नगरीचा हा थोर गणिती इ. स. पू. २१२ मध्ये मारला गेला. मुकुटाची आणि स्नानाच्या टाकीची कथा आपल्याला मुख्यतः मिळते ती रोमन वास्तुशास्त्रकार व्हिट्रुव्हियसच्या लेखनातून, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतर. तरंगणाऱ्या वस्तूंवरील आर्किमिडीजच्या स्वतःच्या ग्रंथात मुकुट नाही. तेथे आहे ते तत्त्व : द्रवात बुडालेल्या वस्तूला तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतका आधार खालून मिळतो. लोखंडाचा गोळा स्वतःच्या वजनाएवढे पाणी बाजूला सारू शकत नाही, म्हणून बुडतो. त्याच लोखंडाची पोकळ घमेली केली तर ती अधिक पाणी बाजूला सारते आणि तरंगते. गोष्ट रंजक असेल. टिकाऊ आहे ते तत्त्व.

दाब म्हणजे ओझ्याची वाटणी

आता दाबाकडे वळू. आमच्या लहानपणी घराघरांतील स्त्रिया पाण्याला जाताना डोक्यावर चुंबळ ठेवीत. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून, गोल गुंडाळून केलेली ती चकती. चुंबळीने हंड्याचे वजन एका गुंजेनेही कमी होत नाही; उलट तिचे स्वतःचे थोडे वजन वाढतेच. तरीही चुंबळीशिवाय भरला हंडा दूरवर नेणे अवघड. असे का? हंड्याचा तळ गोलसर, धातूचा आणि कठीण. तो डोक्यास अगदी लहानशा जागी टेकतो आणि सगळे ओझे त्या जागेवर पडते. चुंबळ तेच ओझे मोठ्या जागेवर वाटून देते. ओझे तेवढेच राहिले, पण प्रत्येक चौरस सेंटीमीटरच्या वाट्यास आलेला भार घटला. हा वाट्यास आलेला भार म्हणजेच दाब.

ज्या स्त्रियांनी पाठ्यपुस्तक कधी हातात धरले नाही, त्यांनी क्षेत्रफळ वाढविले की दाब घटतो हा नियम आयुष्यभर डोक्यावर वाहिला. वर्गात 'बल भागिले क्षेत्रफळ' लिहिण्यापूर्वी मुलांना घरची चुंबळ आठवावयास सांगितली असती, तर सूत्र त्यांना परके वाटले नसते. ही बुद्धी आम्हांस उशिरा आली.

प्रयोग करावयाचा असल्यास एक वीट पुरे. ३ किलोग्रॅमची वीट ओल्या मातीवर आडवी ठेवा, नंतर शेजारी तशीच वीट उभी ठेवा. आडवी वीट सुमारे २३ गुणिले ११, म्हणजे २५३ चौरस सेंटीमीटर जागेवर टेकते. उभी वीट ११ गुणिले ७, म्हणजे ७७ चौरस सेंटीमीटर जागेवर. उभ्या विटेखालील दाब तिपटीहून अधिक आणि तिचा ठसाही अधिक खोल. हाच नियम उलट बाजूने वापरला की विळ्याला धार लावणे होय : हाताचा जोर तोच ठेवून टेकण्याची जागा कमी करणे. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो तो याच कारणाने.

दाबाचे शास्त्रीय एकक पास्कल हे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक न्यूटन बल, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम वजनाचा भार पसरला असता पडणारा दाब म्हणजे १ पास्कल. हे एकक फारच लहान आहे. पुढे दिसेल की हवेचा दाबच सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. म्हणून या लेखात आम्ही सोयीचे माप वापरतो : एका चौरस सेंटीमीटरवर किती किलोग्रॅमचा भार.

पाण्याचा दाब : पसाऱ्याचा नव्हे, उंचीचा

नळाला पाणी जोराने यावे म्हणून मोठी टाकी बसवावी, असा समज सर्वत्र आढळतो. टाकी मोठी असली तर पाणी अधिक वेळ पुरते एवढेच. जोर वाढत नाही. जोर वाढवावयाचा तर टाकी उंच चढवावी लागते. तळमजल्यावरील नळ जोराने वाहतो आणि त्याच टाकीचा वरच्या मजल्यावरील नळ मंद चालतो, हे वसतिगृहातील प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे.

याचे कारण हिशोबाने पाहू. पाण्याच्या तळाशी १ चौरस सेंटीमीटरचा एक चौकोन कल्पा. त्याच्यावर उभा असलेला पाण्याचा स्तंभ त्या चौकोनाला पेलावा लागतो. स्तंभाची उंची १० मीटर, म्हणजे १००० सेंटीमीटर असेल, तर त्यात १००० घन सेंटीमीटर पाणी आले. ते बरोबर १ लिटर आणि त्याचे वस्तुमान १ किलोग्रॅम. म्हणजे १० मीटर खोलीवर पाण्यामुळे पडणारा दाब दर चौरस सेंटीमीटरला १ किलोग्रॅमचा. शेजारच्या चौकोनावर शेजारचा स्तंभ आहे. त्याचे ओझे त्याने पेलावे. म्हणून तलाव एक एकराचा असो की शंभर एकरांचा, १० मीटर खोलीवरील दाब तोच. भांड्याच्या आकारावर नव्हे तर उंचीवर हा दाब ठरतो, हे सायमन स्टेव्हिन या नेदरलँड्समधील अभियंत्याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले होते.

पाण्याऐवजी पारा भरला तर? तेवढ्याच उंचीचा स्तंभ १३.६ पट भारी होईल आणि दाबही १३.६ पट. येथे घनता आणि दाब यांची गाठ पडते. द्रवाचा दाब दोन गोष्टींवर ठरतो : वर किती उंच स्तंभ आहे आणि तो किती घन आहे. पुस्तकात उंची, घनता व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे जे सूत्र येते, त्याचा अर्थ एवढाच. धरणाची भिंत तळाशी रुंद बांधतात त्यामागेही हाच नियम आहे. जसजसे खोल जावे तसतसा पाण्याचा रेटा वाढत जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विटेचा दाब केवळ खाली पडतो. पाण्याचा दाब सर्व दिशांनी असतो. प्लास्टिकच्या बाटलीला बाजूला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे पाडली तर पाणी आडवे बाहेर उडते आणि खालच्या छिद्रातून ते अधिक जोराने निघते. द्रव सर्व बाजूंनी रेटतो, वरच्याही बाजूने. बुडालेल्या वस्तूच्या वरच्या पृष्ठभागापेक्षा खालचा पृष्ठभाग अधिक खोल असतो, म्हणून खालून वर ढकलणारा दाब अधिक भरतो. आर्किमिडीजने सांगितलेला आधार येतो तो येथूनच.

हवेचे वजन आणि एक कारागीर

आता त्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न : हवेला कुठे वजन असते?

असते, आणि थोडेथोडके नव्हे. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा वर्गखोलीत १६८ घनमीटर हवा मावते. म्हणजे रिकामी म्हणून आपण जिला कुलूप लावतो, त्या खोलीत सुमारे दोन क्विंटल हवा असते.

हे मान्य होण्यास मोठा काळ लागला. नळीने शहाळ्यातले पाणी वर का येते, या प्रश्नाला युरोपातील विद्यापीठे अनेक शतके एकच उत्तर देत : निसर्गाला पोकळीचे वावडे आहे, म्हणून पोकळी होऊ लागताच पाणी ती भरावयास धावते. त्यामागे ॲरिस्टॉटलचा अधिकार होता आणि त्या अधिकारापुढे प्रश्न थांबत असे.

या उत्तराला पहिला तडा गेला तो पंपाच्या कामावर. गॅलिलिओच्या १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक पात्र आपला अनुभव सांगते. टाक्यातील पाणी फार खाली गेले तेव्हा त्याचा पंप चालेना. पंप बिघडला असे समजून त्याने कारागीर बोलाविला. कारागिराने सांगितले की दोष पंपात नाही, पाण्यात आहे. ते इतके खाली गेले आहे की तेवढ्या उंचीवर ते चढविता येत नाही. सुमारे १० मीटरच्या वर असा कोणताही पंप पाणी उचलत नाही, हे त्याला ठाऊक होते. हा उतारा आम्ही प्रथम वाचला तेव्हा आमच्या विहिरीच्या काठावरील मिस्त्री डोळ्यांपुढे उभे राहिले. जवळजवळ चार शतकांच्या अंतरावर दोन कारागीर अक्षरशः तेच सांगत होते. गॅलिलिओने कारागिराची गोष्ट मोलाची मानली. त्याने दिलेले स्पष्टीकरण मात्र चुकले : लांब दोर स्वतःच्या भाराने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असे त्याला वाटले. पण निसर्गाला पोकळीचे वावडे असेल तर ते १० मीटरपर्यंतच का, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही.

गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिसेलीने प्रश्न उलटा केला. पाणी वर ओढले जात नसेल, खालून ढकलले जात असेल तर? विहिरीतील पाण्यावर हवा टेकलेली आहे. तिला वजन असेल तर ती पाण्याला दाबते. पंप करतो ते एवढेच, की पाईपमधील हवा काढून घेतो. आत दाब उरत नाही, बाहेरची हवा पाण्याला पाईपमध्ये रेटते, आणि पाण्याच्या स्तंभाचा भार हवेच्या रेट्याशी समतोल झाला की पाणी थांबते. १० मीटरची नळी हाताळणे कठीण, म्हणून पारा घेण्यात आला. १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याने भरलेली, एका टोकाशी बंद असलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली गेली. पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटीमीटरवर थांबला. त्याच्या वर उरली ती पोकळी. आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो, अशा आशयाचे टॉरिसेलीने १६४४ मधील एका पत्रात लिहिले आहे.

आपण हिशोब ताडून पाहू. ७६ सेंटीमीटर उंच आणि १ चौरस सेंटीमीटर जाड पाऱ्याचा स्तंभ : ७६ गुणिले १३.६, म्हणजे सुमारे १०३४ ग्रॅम. तेवढेच वजन पाण्याचे हवे तर स्तंभ सुमारे १०३४ सेंटीमीटर, म्हणजे १० मीटरहून थोडा अधिक उंच हवा. कारागिरांचा अनुभव आणि पाऱ्याची नळी एकाच आकड्यावर येऊन मिळतात. म्हणजे हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १ किलोग्रॅमहून किंचित अधिक.

तरीही शंका उरत होती. पारा हवेच्या वजनानेच तोलला जातो याला पुरावा काय? फ्रान्समधील ब्लेझ पास्कलने विचार केला की हवा महासागर असेल तर उंच डोंगरावर वरची हवा कमी उरेल, आणि पारा तेथे खाली यावयास हवा. तो स्वतः पॅरिसमध्ये होता. त्याने आपल्या बहिणीचे पती फ्लोरॅं पेरिए यांना ही परीक्षा घेण्यास सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए क्लेरमॉं गावातील काही प्रतिष्ठितांस साक्षीला घेऊन प्युई द डोम या डोंगरावर चढले. पायथ्याशी एका मठाच्या बागेत दुसरी नळी उभी करून तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवण्यास एका धर्मगुरूस बसविले. सुमारे एक हजार मीटर वर पारा साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास उतरलेला आढळला. शिखरावर निरनिराळ्या ठिकाणी मोजले. उत्तर तेच आले. खाली बसलेल्या धर्मगुरूने सांगितले की त्याच्या नळीतील पारा दिवसभर हलला नाही.

इतिहासाच्या दृष्टीने आम्हांस त्या खालच्या नळीचे महत्त्व फार वाटते. ती नसती तर त्या दिवशी हवामानच बदलले असेल, असे कोणीही म्हणू शकला असता. दाबाच्या एककाला १९७१ मध्ये पास्कलचे नाव देण्यात आले.

आपल्याकडील कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. तेथे पाऱ्याचा स्तंभ सुमारे ६२ सेंटीमीटरच भरेल. हवा वर विरळ होत जाते हे त्याचे आणखी एक अंग. समुद्रसपाटीवरील घनतेचीच हवा वरपर्यंत असती, तर साडेआठ किलोमीटरच्या आसपास ती संपली असती आणि एव्हरेस्टचा माथा हवेबाहेर राहिला असता. पण हवा पाण्यासारखी नाही. ती दाबली जाते. खालचा थर वरच्या ओझ्याने दाटतो, वरचा सैल राहतो.

पुन्हा विहिरीच्या काठी

आता मोटारीचे कोडे सुटते. पुढे एका उन्हाळ्यात आम्ही दोर सोडून मोजले. एप्रिलअखेरीस काठापासून पाणी सुमारे साडेआठ मीटर खाली जाते. आपली शाळा पठारावर, सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा थोडा कमी, म्हणून हिशोबाची मर्यादाही १० मीटरहून कमी, पावणेदहाच्या आसपास. त्यात पाईपमधील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा, पाण्याची होणारी वाफ हे सगळे वजा जाते. प्रत्यक्षात काठावरची मोटार ६-७ मीटरपलीकडे भरवशाने पाणी उचलू शकत नाही. मोटार दोन पुरुष खाली उतरविली तेव्हा पाण्यापासून तिचे अंतर पाच मीटर उरले. तेवढे पाणी हवेने मोटारीपर्यंत ढकलले. तेथून काठापर्यंत आणि टाकीपर्यंत ते मोटारीने स्वतःच्या बळावर ढकलले. त्या ढकलण्याला हवेच्या दाबाची मर्यादा नाही. म्हणूनच शेकडो फूट खोल बोअरमधील सबमर्सिबल मोटार पाण्याच्या आतच बसवितात. ती ओढत नाही, खालून ढकलते.

दुसरा प्रश्न : हवा आपल्याला का दाबत नाही? दाबते. तळहाताचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर धरले तर त्यावर हवेचा रेटा सुमारे १०० किलोग्रॅमच्या भाराएवढा असतो. पण हवाही पाण्याप्रमाणे सर्व बाजूंनी रेटते. तळहातावर वरून जेवढा रेटा, तेवढाच मागच्या बाजूने. आणि शरीरातील रक्त, रस व फुप्फुसांतील हवा आतून तेवढ्याच दाबाने तोल धरून असतात. हा समतोल मोडला तरच तो रेटा दिसतो. प्लास्टिकच्या बाटलीत थोडे गरम पाणी घालून हलवावे, ते ओतून लगेच झाकण घट्ट लावावे आणि बाटलीवर थंड पाणी सोडावे. आतील वाफ व हवा थंड होऊन आतला दाब घटतो आणि बाटली कोणी न पिळता चेपत जाते. जिने ती चेपली, ती सतत आपल्याभोवती आहे. एरवी दोन्ही बाजू सारख्या असल्याने ती जाणवत नाही एवढेच.

हे प्रयोग करण्यास बाटली, वीट, दोर आणि विहीर लागते. त्या दिवशी या सगळ्या वस्तू आमच्यापाशी होत्या. उणीव होती ती, 'मला माहीत नाही, आपण मिळून शोधू' असे म्हणण्याची. ज्या घरांतून आपली मुले येतात, त्या घरांतील कित्येकांना पिढ्यानपिढ्या प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. अशा मुलाने धीर करून विचारलेला प्रश्न परीक्षेचे कारण सांगून परत पाठविणे ही साधी चूक नव्हे, हे आम्हांस फार नंतर उमगले.

त्यानंतर विज्ञानाचे शिक्षक आले आणि आम्ही आमच्या सनावळ्यांकडे परतलो. परंतु त्यांच्या संमतीने दरवर्षी उन्हाळी सुटीपूर्वी आम्ही आठवीच्या मुलांना विहिरीवर नेतो. मुले दोराला गाठी मारून पाण्याची खोली मोजतात, मोटारीची जागा पाहतात आणि पाणी आणखी किती खाली गेले तर मोटार पुन्हा हलवावी लागेल, याचा हिशोब वहीत मांडतात. मागील वर्षी एका मुलीने हिशोबाखाली प्रश्न लिहिला होता : चंद्रावर विहीर असती तर हा पंप चालला असता का? यावेळी आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि वर्गाला एक तास दिला. चंद्रावर हवेचे आवरण नाही, म्हणून पाण्याला वर ढकलणारे कोणी नाही, हे उत्तर मुलांनी स्वतःच काढले.

ज्याने पहिला प्रश्न विचारला होता, तो विद्यार्थी आता चाळिशीच्या जवळ पोहोचला असेल. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांकडेही पाठविली जाणार आहे. ती त्याच्यापर्यंत पोहोचली, तर त्याच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर वर दिले आहे. उशीर झाला, याची आम्हांस जाणीव आहे. त्याने कधी इकडे यावे. मोटार अजून खालच्या कट्ट्यावरच आहे.